पोरींची नावं छापा

आज सकाळी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर प्रथम सत्राचं वार्तापत्र आलं. पीडीएफ, रंगीत, बारा पानं. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली आणि हे आलं, कल्पना चांगली आहे म्हणून मी लगेच उघडलं, कारण इचलकरंजीतली ही माझीच शाळा आणि आता माझी भाची तिथं नववीत आहे आणि खोखोच्या टीममध्ये आहे.

पहिल्या पानावर अध्यक्षांचं मनोगत, मोठ्या फोटोसकट. दुसऱ्यावर सचिवांचं. मग दोन पानं दहावीचे टॉपर्स, गोल गोल फोटो आणि खाली टक्के. मग दीपप्रज्वलनाचे फोटो, पाहुण्यांच्या स्वागताचे फोटो, वृक्षारोपणाचे फोटो. आणि नवव्या पानावर कोपऱ्यात एक फोटो, खाली एकच ओळ, शालेय खोखो स्पर्धेत सतरा वर्षांखालील मुलींच्या संघाचे उज्ज्वल यश. फोटोत पुढं खुर्च्यांवर पाच माणसं बसलीत, ढाल मधल्या माणसाच्या मांडीवर, पोरी मागं उभ्या, दोघी-तिघींची तर नुसती कपाळं दिसतात. खुर्चीवरच्या पाचही जणांची नावं छापलीत, हुद्द्यांसकट. पोरींपैकी एकीचंही नाव नाही.

भाचीनं माझ्या हातातून मोबाईल घेतला, फोटो मोठा करून स्वतःला शोधलं, मग पुढची पानं सरकवली, मागची सरकवली आणि मला विचारलं, "आत्ती, नावं शेवटच्या पानावर असत्यात काय गं?" शेवटच्या पानावर प्रवेशाची जाहिरात आहे.

तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

या पोरी जूनपासून सकाळी सहाला मैदानावर असतात. पावसात चिखल झाला की शाळेच्या व्हरांड्यात पळतात. गुडघे सोललेले, कोपरं सोललेली, सूर मारून मारून हाताला घट्टे पडलेत. इथं मातीवर सराव करायचा आणि वरच्या लेव्हलला गेलं की मॅटवर खेळायचं, त्याचे वेगळे बूट, ते एकमेकींचे घालून खेळल्या. आणि विभागापर्यंत गेल्या! आपल्या विभागात सांगली, सातारा आहेत, खोखो कळणाऱ्याला मी वेगळं काही सांगायला नको. हे सगळं त्या एका ओळीत आलं, आणि त्या ओळीत त्या पोरीच नाहीत.

आमच्या वेळी नव्वदच्या दशकात ना पीडीएफ होती ना ग्रुप. शाळेच्या कंपाउंडला रस्त्याच्या बाजूनं एक काळा फळा होता. भिंतीतच केलेला, वर पत्र्याचं छोटं छप्पर. ड्रॉइंगचे सर दर शनिवारी त्यावर रंगीत खडूनं त्या आठवड्यात कुणी काय केलं ते लिहायचे. आणि प्रत्येकाचं पूर्ण नाव लिहायचे, स्वतःचं, वडलांचं, आडनाव. मला चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड मिळाली तेव्हा माझं नाव लागलं. माझे वडील यंत्रमागावर कामाला होते, त्या आठवड्यात रात्रपाळी होती. पाळी सुटून घरी येताना वाटेत कारखान्यातल्याच एकानं त्यांना थांबवलं आणि म्हणाला, अरे शाळेच्या फळ्यावर तुझं नाव आलंय. माझं नाही, *त्यांचं*. त्यांना वाटलं फी थकलीय म्हणून लावलंय. घाबरून बघायला गेले.

हे मी इथं आधीही लिहिलंय बहुतेक, पण आज परत लिहिते कारण आज मला ते सारखं आठवतंय.

पूर्ण नावाचं काय असतं ते नाव छापून यायची सवय असलेल्या लोकांना कळत नाही. ज्या घरातलं नाव रेशनकार्ड, लाईटबिल आणि दवाखान्याच्या केसपेपरशिवाय कुठं कधी लिहिलंच गेलं नाही, त्या घराला विचारा. खोखोच्या टीममधल्या निम्म्या पोरींचे आईवडील मागावर नाहीतर सायझिंगला (सुताला खळ लावायच्या कारखान्यात) आहेत, काहींच्या आया घरी बसून गाठी मारण्याची कामं घेतात. त्यांच्या घरात हा एक कागद भिंतीला लागला असता. दहावीच्या मार्कलिस्टवर आईचं नाव असतंच की, मग इथं पण छापा, पोरीचं नाव, आईचं, वडलांचं, आडनाव, चार शब्द जास्त लागतील.

आणि फक्त खोखोचं नाही, पुढचं वाचून तर मी अजून भडकले. 'एनएमएमएस परीक्षेत विद्यार्थ्यांचे घवघवीत यश.' कोण विद्यार्थी? ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ही आठवीतली शिष्यवृत्तीची परीक्षा, बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे दोन पेपर, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल तरच बसता येतं, आणि निवड यादीत आलं की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. चार वर्षांचे ४८,०००. बारावीपर्यंत शिकायचं की कामाला लागायचं हे या पैशावर ठरणारी घरं आहेत आपल्या गावात, मी स्वतः ओळखते. ते पोरगं एवढी मोठी गोष्ट करून आलं आणि शाळेच्या कागदावर ते 'विद्यार्थी' या शब्दात गेलं. इन्स्पायर अवॉर्ड या सरकारच्या विज्ञान योजनेत एका मुलाची आयडिया निवडली गेली, मॉडेल करायला त्याच्या खात्यावर १०,००० रुपये येणार, त्याचंही तसंच, 'एका विद्यार्थ्याची निवड'. मॉडेल कसलं करणार आहे हे सुद्धा नाही! अरे ते तर वाचायचं होतं मला!

टॉपर्सच्या पोरांवर माझा अजिबात राग नाही, त्यांनी अभ्यास केलाय, त्यांचे फोटो यायलाच पाहिजेत. पण दहावीचा राज्याचा निकाल २०२५ ला ९४.१० टक्के लागला, आणि शंभर टक्केवालेच २११ जण होते. बेस्ट ऑफ फाइव्ह (जास्त मार्कांचे पाचच विषय धरायचे) आलं तेव्हापासून टक्के असे फुगलेत की ९२ वाल्या पोराला घरी तोंड पाडून बसलेलं मी पाहिलंय. त्या टक्क्यांमध्ये चित्रकलेच्या ग्रेडचे आणि खेळाचे वाढीव मार्क पण असतात की, इंटरमिजिएटच्या ए ग्रेडला ७ मार्क मिळतात. म्हणजे चित्र आणि खेळ टक्के वाढवायला चालतात, कागदावर पान द्यायचं म्हटलं की जागा नाही.

मान्य, जाहिरात लागते. पटसंख्या घसरली की संचमान्यतेत, म्हणजे सरकार शिक्षकांची पदं मंजूर करतं त्यात, पदं जातात, शेजारी इंग्रजी मीडियमच्या बसेस दारात येऊन उभ्या राहतात, टक्के दाखवल्याशिवाय पालक वळत नाहीत. ठीक आहे. पण मला सांगा, पालक वळवायला ती ढाल धरलेली पोरगी जास्त उपयोगी आहे का खुर्चीवरचे अध्यक्ष?

तो फोटो परत बघितला आत्ता. ढाल त्यांच्या *मांडीवर* आहे. स्पर्धेच्या ठिकाणी यातलं कोणीही आलं नव्हतं. एसटीनं गेल्या पोरी, बरोबर क्रीडाशिक्षक आणि एक बाई, डबे घरून नेलेले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खोखो वर्ल्डकप झाला, आपल्या मुली आणि मुलं दोन्ही टीम नेपाळला हरवून जिंकल्या, दोन्हीचे कॅप्टन महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, तेव्हा आपल्याच ग्रुपवर रात्री किती तिरंगे पडले होते आठवतंय ना? त्यांची नावं आज आपल्याला माहितेयत, पण शाळेत असताना त्या वयात त्यांचं नाव आधी कुणीतरी कुठंतरी लिहिलंच असेल ना?

थोडा वेळ फोन ठेवून चहा घेतला. आता जरा शांतपणे लिहिते.

शिक्षकांना मी बोलत नाहीये. हे वार्तापत्र ज्या बाईंनी रात्री बसून केलं असेल त्यांना युडायस (शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती) भरायचं असतं, मुलांच्या अपार आयडीचं (विद्यार्थी ओळख क्रमांकाचं) असतं, वर निवडणुकीची कामं, त्यात हे. नावं गोळा करायला वेळ लागतो, कबूल. आणि काही पालकांना मुलीचा फोटो मोबाईलवर फिरलेला नको असतो, तेही बरोबर आहे, त्यांना विचारा आणि नका टाकू फोटो. पण आमच्या ड्रॉइंगच्या सरांकडे पण सात-आठ वर्ग होते. ते नावं स्वतः गोळा करत नव्हते, प्रत्येक वर्गातला एक जण शुक्रवारी चिठ्ठी आणून द्यायचा. आणि त्यावर फक्त बक्षिसं नसायची. माझं नाव लागलं त्याच आठवड्यात खाली एका मुलाचं नाव होतं, सत्रभरात एकही खाडा नाही म्हणून. त्याची आई शाळेच्या पुढच्या चौकात भाजी घेऊन बसायची. मी तिला त्या फळ्यापुढं उभी राहिलेली पाहिलंय, तिला वाचता येत नव्हतं, येणाऱ्याजाणाऱ्या पोरांना ती विचारत होती कुठली ओळ, कुठली ओळ.

आणि माझे वडील, ते फीचं नाही हे कळल्यावर घरी आले नाहीत, परत कारखान्यात गेले. रात्रभर उभं राहून आलेला माणूस दिवसपाळीच्या लोकांना सांगायला परत गेला.

साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात होते तेव्हा मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' काढायचे. दैनिक! हातानं लिहून! शंभर वर्षं होत आली त्याला. आपल्याकडं प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, टाईप करायला बोललं तरी चालतं, आणि आपण सहा महिन्यांतून एकदा काढतो त्यात बारा पोरींची नावं बसत नाहीत म्हणतो, हे मला पटत नाही, पटणार नाही.

मी दुपारी मुख्याध्यापिका बाईंना फोन केला होता. त्या चांगल्या बोलल्या, पुढच्या अंकात बघू म्हणाल्या. पुढचा अंक एप्रिलमध्ये, तोवर दहावीच्या पोरी शाळा सोडून जातील, टीममध्ये चौघी दहावीच्या आहेत. म्हणून बाईंना विनंती केली की हाच अंक दुरुस्त करून परत पाठवा, पीडीएफच आहे, छापलेलं नाहीये अजून. खोखोच्या पोरींची, एनएमएमएसची, इन्स्पायरच्या मुलाची पूर्ण नावं मी क्रीडाशिक्षक आणि वर्गशिक्षकांकडून उद्या घेऊन, आईच्या नावासकट टाईप करून देते. हो म्हणाल्यात. संस्थेला विचारून सांगते असंही म्हणाल्यात, ते मला फारसं आवडलं नाही, पण बघू.

रस्त्याकडचा फळा अजून तिथं आहे, त्यावर आता एका क्लासचा फ्लेक्स ठोकलाय. तो काढायची परवानगी पण मागितलीय. रंगाचा आणि खडूचा खर्च मी करते. आपल्या बॅचपैकी गावातच राहणारं, बरं अक्षर असणारं आणि शनिवारी सकाळी तासभर मोकळं असणारं कोण आहे ते मला फोन करून सांगा, संस्थेचा होकार आला की लगेच सुरू करू.