निळ्या भोकाच्या शोधात

माळ्यावरच्या ट्रंकेत एक कॅसेट सापडली. सी-६०. लेबलवर वडिलांच्या अक्षरात 'आई – ओव्या, १९८७'. ती मी लॅपटॉपवर घेणार, असं रात्री जेवताना जाहीर करून टाकलं आणि तिथेच चुकलो. आमच्याकडे जाहीर केलेली गोष्ट करावी लागते.

पहिला प्रयत्न सोपा होता. जुना टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेला, लावला आणि पुढ्यात मोबाइल धरून बसलो. नंतर ऐकतो तर पंख्याची घरघर, खाली कुणाच्या तरी स्कूटरच्या किका आणि दोन ओव्यांच्या मधोमध कुकरच्या तीन सणसणीत शिट्ट्या.

"अगं, अर्धा तास गॅस बंद ठेवता येत नाही?"

"अहो, गॅसवर काहीच नव्हतं."

"मग शिट्ट्या मी मारल्या?"

यावर ती गप्प बसली. हे लक्षण वाईट.

मग वायर लावायचं ठरलं. माझ्या लॅपटॉपला भोक एकच, हेडफोन आणि माइक दोघांचं सामाईक. माइकचा सिग्नल असतो काही मिलिव्होल्टचा, त्या हिशेबाने आतलं सर्किट नाजूक. त्यात टू-इन-वनच्या हेडफोनच्या भोकातून येणारा दांडगा आवाज सोडल्यावर आजी ओव्या म्हणतेय की रिक्षावाल्याशी भांडतेय, काही कळेना.

"मामा, तू एक्स्टर्नल साउंड कार्ड घे," भाचा म्हणाला. हा घरातला तज्ज्ञ, कारण त्याच्याकडे माइक आहे. "लॅपटॉपला बाहेरून लावायची डबी असते. फक्त लाइन-इन असलेलं बघ, म्हणजे टेपचा दांडगा आवाज झेपणारं भोक. हिरवं भोक हेडफोनचं, गुलाबी माइकचं. तुला निळं पाहिजे."

निळं भोक शोधायला मी पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत गेलो. या गल्लीत तपकीर सोडून सगळं मिळतं.

पहिल्या दुकानातल्या पोराने पेनड्राइव्हएवढी एक डबी काऊंटरवर टाकली. "घ्या काका, सेव्हन पॉइंट वन. चारी बाजूंनी आवाज." ७.१ म्हणजे सात स्पीकर आणि एक दणक्याचा. डबीला भोकं मात्र दोन. हिरवं आणि गुलाबी. उरलेले सहा आवाज कुठून निघतात, असं विचारल्यावर तो म्हणाला, "सॉफ्टवेअरमधून." आमच्या आजीचा आवाज एकाच बाजूने यायचा, स्वयंपाकघरातून, आणि तो अख्ख्या वाड्याला पुरायचा. मी डबी परत सरकवली.

दुसऱ्या दुकानात थेट स्टुडिओ होता. लोखंडी पेटी, पुढे दोन भलीमोठी भोकं, शेजारी '४८ व्होल्ट' लिहिलेलं लाल बटण. "फँटम पॉवर आहे साहेब." हे ४८ व्होल्ट कंडेन्सर माइकला लागतात. आजीला कधी लागले नव्हते. किंमत ऐकून मलाही फँटमसारखं वाटायला लागलं, म्हणून बाहेर येऊन आधी उसाचा रस घेतला.

घरी आल्यावर आकड्यांचा अभ्यास. या नादाला कुणी लागू नये, चार रात्री गेल्या. सीडीला आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला १६ बिट पुरतात, पण कार्डवाले २४ बिट आणि १ लाख ९२ हजारांच्या खाली बोलायला तयार नाहीत. तरुण कानाला फार तर २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, तेवढं सीडीच्या नमुन्यांत मावतं. माझा कान चौपन्न वर्षांचा. आणि साध्या कॅसेटवर आवाज आणि तिची खरखर यांच्यात अंतरच जेमतेम ५० डेसिबलचं, १६ बिटांत ९६ मावतात. म्हणजे बाकीच्या बिटांत मी खरखर साठवणार होतो, अत्यंत बारकाईने.

शेवटी बेहरिंगरची यूसीए २०२ घेतली. खिशात मावणारी डबी, १६ बिट, ४८ हजार. "सोळाच?" भाच्याने असं विचारलं जणू मुलीकडच्यांनी पगार विचारावा. गंमत म्हणजे निळं भोक तिलाही नाही, लाइन-इन आहे पण लाल-पांढऱ्या आरसीए पिनांचं. म्हणजे एका टोकाला हेडफोनची ३.५ मिलिमीटरची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढरी अशी वायर आणायला पुन्हा तपकीर गल्ली. पहिल्या दुकानातल्या पोराने ओळखलं. "मिळालं का काका निळं?"

वायर जोडली, ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडलं, आणि ओव्यांच्या मागे कुणीतरी अखंड 'हूंऽऽ' करत बसलेलं. आपल्या विजेचे ५० हर्ट्झ! दोन तास वायरी उलटसुलट करून झाल्यावर कळलं, लॅपटॉपचा चार्जर काढला की हा बाबा उठून जातो. पण माझी बॅटरी टिकते पस्तीस मिनिटं आणि सी-६०ची एक बाजू तीस. मधली पाच मिनिटं म्हणजे आमची सगळी ऐसपैस.

रविवारी दुपारी सगळे झोपल्यावर बसलो. चार्जर काढला, कानाला हेडफोन, बटण दाबलं. पंखा नाही, स्कूटर नाही. आजीने खाकरून घसा साफ केला तो असा, की ती मागे उभी आहे म्हणून मी वळून पाहिलं. पहिली ओवी. दुसरी. बांगडी भांड्याला लागली तेही ऐकू आलं. आणि तिसरीच्या आधी कुकरची शिट्टी.

तीन शिट्ट्या झाल्या. मग आजीचा आवाज, रेकॉर्डिंग करणाऱ्या वडिलांना : "अरे, तो गॅस बंद कर आधी."

हेडफोन काढून वर बघतो तर ही दारात उभी, हातात चहाचा कप. एकच.

"काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. "जरा खरखर आहे."