हलकं काहीतरी दाखवा

"उन्हाळ्यात घालता येईल असं हलकं कापड दाखवा," मी म्हणालो, आणि सुटिंगच्या काउंटरवरचा माणूस दुखावला.

"हलका माल आपण ठेवतच नाही, साहेब."

दर्जाने भारी आणि वजनाने हलकं असं काहीतरी हवंय, हे त्याच्या गळी उतरवायला पाच मिनिटं लागली. "म्हणजे भारीतलं हलकं!" म्हणत त्याने शिडी लावली.

भाचीचं लग्न ठरलं होतं ते ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी, उघड्या हिरवळीवर. मी तिचा एकुलता एक मामा, म्हणजे सावलीला खुर्ची टाकून बसायची सोय नाही. माझ्याकडे सूट नव्हता असं नाही. स्वतःच्या लग्नातला आहे, पण त्याला अस्तर पॉलिएस्टरचं आहे. लोकर हवेतला ओलावा स्वतःच्या वजनाच्या साधारण १६ टक्के पोटात घेते, लिनन १२, सुती कापड ८; आणि पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. हे आकडे मला परवा कळले. प्रात्यक्षिक वीस वर्षांपूर्वीच झालं होतं. त्या लग्नाच्या फोटोंत मी फार गहिवरलेला दिसतो. सासूबाई अजून कौतुकाने सांगतात. तो घाम आहे.

तर या वेळी अभ्यास करून जायचं ठरवलं होतं. रात्री जागून एक आकडा पाठ केला होता: उन्हाळ्याचं कापड २५० ग्रॅमच्या आत. पहिलाच ताका उलगडल्यावर मी कडेची चिठ्ठी वाचली. ३७०! "हे थंडीतलं आहे," मी जाणकाराच्या आवाजात म्हणालो.

"साहेब, तुमचे ग्रॅम चौरस मीटरचे. आमचे लांबीच्या मीटरचे. पन्ना, म्हणजे कापडाची रुंदी, १५० सेंटिमीटर आहे."

बायकोने तिथल्या तिथे फोनवर भागाकार केला. "२४७ येतात," ती म्हणाली. माझा अभ्यास तिथेच संपला.

मग लिनन निघालं. हात लावताच गार लागलं आणि मी विरघळलो. बायको व्यवहारी. तिने कोपरा मुठीत दाबून धरला, दहापर्यंत आकडे मोजले आणि मूठ उघडली. आत कापड नव्हतं, बोळा होता. जवसाच्या जातीच्या झाडाच्या खोडातून निघणारा हा तंतू फार ताठ. पण एकदा वाकला की वाकला, मागे येणं त्याच्या स्वभावात नाही. गाडीत तासभर बसलो असतो तर गुडघ्यामागे आणि कोपरात नकाशे उमटले असते.

"लिननची चुणी म्हणजे रुबाब असतो, मॅडम," काउंटरवरचा माणूस म्हणाला.

"अहो, मग आमच्या खुर्चीवरचा कपड्यांचा ढीग म्हणजे राजवाडाच म्हणायचा."

सुती सुटिंग आलं आणि गेलं. त्याला फॉल नव्हता, म्हणजे ते अंगावर नीट सुळसुळीत पडत नव्हतं. सीअरसकर मात्र मला मनापासून आवडलं. एक पट्टी सपाट, एक चुरमडलेली. विणतानाच काही उभे धागे सैल सोडायचे, म्हणजे कापड आपोआप आक्रसतं, अंगाला चिकटत नाही आणि इस्त्रीही मागत नाही. नाव फारसीतल्या 'शीर-ओ-शकर'वरून आलेलं, म्हणजे दूध आणि साखर. एवढी माहिती मी अदबीने सादर केली. बायको पट्ट्यांकडे बघत राहिली. "छान आहे. झोपायला घेऊ या एक."

शेवटी चिडून मी म्हणालो, सगळ्यात पातळ असेल ते दाखवा. ते खरोखरच पातळ होतं. मी उजेडासमोर धरलं तर पलीकडे उभी बायको स्पष्ट दिसत होती. तिलाही मी दिसत असणार, कारण ती लगेच म्हणाली, "याची पँट शिवायची नाही."

इतका वेळ कोपऱ्यात खडूने रेघा मारत बसलेले टेलरमास्तर तेव्हा पहिल्यांदा बोलले. "लोकर घ्या."

मी खिडकीबाहेरच्या उन्हाकडे बघितलं. मग मास्तरांकडे. वयाचा विचार करून गप्प बसलो.

"स्वेटरची नाही हो. ती फुगीर, तिच्यात हवा अडकते म्हणून ऊब. ही बघा." त्यांनी राखाडी-निळा ताका ओढला. सूत बारीक, पण घट्ट पीळ दिलेलं. वीण साधी, एक वर एक खाली, मध्ये जाळीसारखी मोकळी जागा. मास्तरांनी कापड तोंडासमोर धरून फुंकर मारली. पलीकडे माझ्या कपाळावरचे केस हलले. मग त्यांनी ते मुठीत चुरगाळलं, माझ्याकडे बघत बराच वेळ दाबून धरलं आणि सोडलं. कापडाने आळस दिल्यासारखं अंग ताणलं आणि ते सपाट झालं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, हे आजवर मी फक्त नातेवाइकांच्या संदर्भात ऐकलं होतं.

अशा विणीच्या एका कापडाचं नाव इंग्लंडात हडर्सफील्डच्या गिरणीवाल्यांनी १९०७ मध्ये नोंदवलं होतं: फ्रेस्को. इटालियनमध्ये ताजं, गार. शंभरावर वर्षं लोक उन्हाळ्यात लोकर घालताहेत आणि मला कोणी सांगितलं नाही! हात फिरवला तर कापड जरा खरखरीत लागलं, एवढंच.

पण मामा इतक्या सहज ऐकेल तर तो मामा कसला. शेजारच्या ताक्यावर 'सुपर १५०' असं सोनेरी अक्षरात होतं आणि आमच्यावर नुसतं 'सुपर १००'. "मग तेच द्या ना, दीडपट!"

मास्तरांनी चष्मा काढला. मला वाटतं, हा प्रश्न त्यांना रोज कोणीतरी विचारत असावं. "तो आकडा तंतूच्या जाडीचा आहे. सुपर १०० म्हणजे तंतू फार तर १८.७५ मायक्रॉन, सुपर १५० म्हणजे १६.२५. आकडा चढतो तसा तंतू नाजूक होतो. उन्हाळ्याशी त्याचा संबंध नाही." मग काउंटरखाली बघून म्हणाले, "आणि तुम्ही आल्यापासून पाय हलवताय. त्याची पँट किती टिकेल?" मी पाय थांबवला. सुपर १०० ठरलं.

अस्तराचा विषय निघाला तेव्हा मी ताडकन म्हणालो, "अस्तरच नको!" मनात हिशेब असा की तेवढंच मास्तरांचं काम वाचेल. मास्तर हसले. अस्तर असतं ते आतल्या भानगडी झाकायला. ते काढलं की प्रत्येक शिवण दुमडून तिला पट्टीची किनार लावावी लागते, म्हणजे काम वाढतं. बाह्यांना मात्र अस्तर हवंच, नाहीतर कोट घालताना शर्टाची बाही काखेत गोळा होते. तिथे त्यांनी क्युप्रो सुचवलं. ते सरकीला चिकटून राहणाऱ्या बारीक कापसापासून बनतं आणि घाम शोषतं. खांद्यापुरता अस्तराचा एक तुकडा, बाकी पाठ मोकळी.

कच्च्या शिलाईच्या ट्रायलला मी एकच बाही लावलेला, पांढऱ्या धाग्यांचे टाके मिरवणारा असा आरशासमोर उभा होतो. मास्तर मात्र माझ्याकडे बघतच नव्हते. ते कोट आतून बघत होते. गडद निळ्या पट्टीची किनार, एक टाका इकडचा तिकडे नाही. "हे काम कोणाला दिसत नाही," ते म्हणाले. एवढ्या हळू आवाजात की मी मनाशी ठरवलं, दाखवायचं.

लग्नाच्या दिवशी ऊन अपेक्षेपेक्षा वाईट होतं. तरी वारा आला की चक्क पाठीपर्यंत पोचत होता. आजूबाजूला लिननवाल्यांचे रुबाब वाढत चालले होते, पॉलिएस्टरवाले गहिवरले होते. मी कोरडा, ताठ, पाहुण्यांना कापडाची वीण समजावून सांगत फिरत होतो. बायको दोनदा दुसऱ्या टोकाला निघून गेली.

जेवणाआधी दाजी भेटले. मी कोट काढला, उलटा केला आणि त्यांच्यासमोर धरला. "बघा दाजी, आतून बघा. एक शिवण उघडी सापडायची नाही."

दाजींनी चष्मा कपाळावर सरकवला, निळ्या किनारीवरून बोट फिरवलं, मोकळ्या पाठीवर हात टेकवून पाहिला. मग इकडेतिकडे बघत माझ्या कानाशी आले.

"अस्तर राहूनच गेलं का रे? माझ्या ओळखीचा एक आहे. संध्याकाळपर्यंत लावून देईल."