‘नाही’ हेही उत्तरच असेल, तर प्रार्थना कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

जय ख्रिस्त, भाऊ.

बाकीच्या वाचकांसाठी आधी तुमचं म्हणणं थोडक्यात मांडतो. देव प्रार्थनेला कधी ‘हो’ म्हणतो, कधी ‘नाही’, कधी ‘थांब’, आणि तिन्हींतून विश्वासणारा वाढतो, असं मी लेखात लिहिलं होतं. तुम्ही म्हणता, हे म्हणजे दोन्ही हातांत लाडू. मिळालं तर देवाने दिलं, नाही मिळालं तर वाढ झाली. मग प्रार्थना करणाऱ्यात आणि न करणाऱ्यात फरक तो काय? तुमच्या वहिनींसाठी चर्चच्या अख्ख्या मंडळीने उपास-प्रार्थना केली. त्या गेल्या. दफनविधीनंतर कुणीतरी तुमच्या भावाला म्हणालं, “विश्वास कमी पडला.” तेव्हापासून तो प्रार्थनेला बसत नाही.

आधी त्या वाक्याचं बघू. बोलणारा कुणीही असो, ते पवित्र शास्त्राच्या विरुद्ध आहे. गेथशेमाने बागेत प्रभू येशूने दुःखाचा प्याला, म्हणजे समोर दिसणारं मरण, टळावा म्हणून प्रार्थना केली, टळला नाही. प्रेषित पौलाने ‘शरीरातला काटा’, म्हणजे त्याला छळणारा त्रास, निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा राहिला, आणि त्याला उत्तर मिळालं की माझी कृपा तुला पुरे. यांचा विश्वास कमी पडला असं म्हणायची कुणाची छाती आहे?

वहिनी गेल्या त्या तुम्हा कुणाची वाढ व्हावी म्हणून, असंही मी म्हणणार नाही. एकीचा जीव घेऊन दुसऱ्याला धडा शिकवणाऱ्या देवाकडे मी प्रार्थना करत नाही. शास्त्र मरणाला शत्रूच म्हणतं, आणि आपला मित्र लाजर याच्या कबरेकडे जाताना येशू रडला.

आता फरकाचा प्रश्न. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासाचा तुम्ही दाखला दिलात. बायपास शस्त्रक्रियेच्या सुमारे १,८०० रुग्णांचा तो अभ्यास. अनोळखी लोकांनी ज्यांच्यासाठी प्रार्थना केली त्यांना इतरांपेक्षा कमी त्रास झाला असं काही दिसलं नाही. उलट आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्यांना पक्कं ठाऊक होतं, त्यांच्यात गुंतागुंत थोडी जास्तच निघाली. मला तो निकाल मान्य आहे. ‘मागा म्हणजे तुम्हांला दिले जाईल’ हे वचन तुम्ही पुढे कराल, आणि करावंच. पण लूकच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात ते पुढेपर्यंत वाचा. मासा मागणाऱ्या पोराला बाप साप देत नाही, असं सांगून येशू शेवटी म्हणतो की स्वर्गातला पिता मागणाऱ्यांना पवित्र आत्मा देईल. वचन दिलंय ते देवाच्या सोबतीचं. बाकीचं तो देतो, पुष्कळदा देतो, पण हमी या एकाच गोष्टीची आहे. आणि ती मिळाली की नाही, हे माणसात दिसतं.

आमच्या बुधवारच्या कॉटेज प्रार्थनेला, म्हणजे कुणाच्या तरी घरी भरणाऱ्या प्रार्थनेला, एक आजी येतात. मुलगा दारूत बुडालेला. पूर्वी विनंत्या सांगायची वेळ आली की त्यांची एकच असायची: “माझ्या लेकराची बाटली सुटू दे.” मग कधीतरी त्या म्हणाल्या, “रात्री तो दारात आला की माझ्या तोंडून शिवी जाऊ नये.” आणि आता त्या गुत्त्यावर बसणाऱ्या बाकीच्या पोरांची नावं घेतात, त्यांच्या आयांची घेतात, त्यातल्या बऱ्याच जणी ख्रिस्ती नाहीत. मुलगा अजून पितो. आजी अजून त्याच्यासाठी मागतात, रडतात. पण त्या मागण्यात गल्लीतली चार घरं आली आहेत, आणि त्या घरांतल्या बायका अडीनडीला आजींकडे येतात. प्रार्थना करण्यात आणि न करण्यात फरक काय, याचं मला दाखवता येण्यासारखं उत्तर हे आहे.

एका बाबतीत तुमचा राग अगदी रास्त आहे. आपल्याकडे साक्षी, म्हणजे देवाने काय केलं ते मंडळीसमोर सांगणं, होतात त्या ‘हो’च्या. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनचं नाव निघालं की आपण त्यांनी दुष्काळातून आणलेल्या मुली आणि १९०५ चं संजीवन, म्हणजे तिथे उसळलेली आध्यात्मिक जागृती, सांगतो. १९२१ सांगत नाही. त्या वर्षी मनोरमा गेली. रमाबाईंची एकुलती एक लेक, आईच्या खांद्याला खांदा लावून काम करणारी, मिशनचा भार पुढे जिच्यावर जायचा ती. वय चाळीस. त्या आईने काय मागितलं असेल हे सांगायला नको. पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाईही गेल्या. आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी मूळ भाषांवरून बायबल मराठीत आणण्यात घातली होती; मुक्तीच्या छापखान्यात मुलीच छपाईचे खिळे जुळवत. पुस्तक १९२४ मध्ये निघालं. लेकीच्या मरणाची ही भरपाई म्हणून सांगत नाही, भरपाई होत नसते. पण ही साक्षसुद्धा मंडळीत उभं राहून द्यायला हवी, म्हणजे तुमच्या भावासारख्याला आपण एकटेच नापास झालो असं वाटणार नाही.

भावाला काय सांगू, असं तुम्ही विचारलंत. सध्या काही सांगू नका. बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले तोवर ठीक होतं, बिघडलं ते तोंड उघडल्यावर. त्याने स्वतःहून विचारलं तर स्तोत्र ८८ दाखवा. ते अंधारावर संपतं, शेवटी कुठे हालेलुया नाही, तरी ते देवालाच उद्देशून आहे. आणि तो बसत नाही तोवर त्याच्या वतीने तुम्ही बसा. मार्कच्या दुसऱ्या अध्यायातल्या पक्षाघाती माणसाने काही मागितल्याचं तिथे लिहिलेलं नाही. चौघांनी त्याला उचलून आणलं, छप्पर उसकटून खाली सोडलं, आणि येशूने त्यांचा विश्वास पाहिला.