मैदानाची चावी कुणाकडे असावी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पालिकेची मैदानं, व्यायामशाळा आणि तरणतलाव चालवायला स्थानिक क्रीडा मंडळांकडे द्यावेत, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही 'एक करदाता' या नावाने लिहिलंत : "हे मागच्या दाराने खासगीकरण आहे. आधी संस्था काळजीवाहू म्हणून येते, मग क्लबहाऊस उभं राहतं, मग गेटवर वॉचमन बसतो आणि आमची मुलं रस्त्यावर खेळतात. मुंबईत हेच झालं. मग आम्ही कर कशासाठी भरतो?" शेवटी, क्लब म्हणजे चार निवृत्त माणसांचा अड्डा असतो, असंही तुम्ही म्हटलंत. उत्तर थोडं लांबणार आहे, कारण तुमचा राग मला महत्त्वाचा वाटतो.

मुंबईबद्दल तुम्ही म्हणता ते खरंच आहे. काळजीवाहू योजनेत संस्थेने मोकळी जागा सांभाळायची आणि बदल्यात तिच्या काही भागावर बांधकाम करायचं, अशी मुभा होती. अनेक भूखंड राजकीय पुढाऱ्यांच्या संस्थांकडे गेले आणि तिथे सभासदत्वाची फी भरल्याशिवाय आत पाऊल टाकता येईना. लोकांनी आवाज उठवल्यावर २००७ मध्ये राज्य सरकारने त्या धोरणाला स्थगिती दिली. जानेवारी २०१६ मध्ये महापालिकेने मोकळ्या जागांचं नवं धोरण मंजूर केलं, तेव्हा मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्यालाही स्थगिती दिली आणि संस्थांकडच्या जागा परत घ्यायला सांगितलं. सप्टेंबर २०२३ मध्ये मोकळ्या जागा संस्थांना दत्तक देण्याच्या धोरणाचा मसुदा पुन्हा आला. त्या वेळी तर महापालिकेत लोकांनी निवडून दिलेलं सभागृहच नव्हतं, मार्च २०२२ पासून प्रशासकाचा कारभार सुरू होता. मग लोकांना संशय येणारच.

पण या इतिहासात नेमकं काय नासलं, ते बघा. संस्थेला बांधकामाचा हक्क मिळाला, सभासद निवडण्याचा हक्क मिळाला, आणि मुदत संपल्यावर तिला बाहेर काढायची इच्छा कुणालाच नव्हती. ज्या करारात या तीन गोष्टी असतील तो करार माझ्या लेखी जमीन बळकावण्याचाच करार आहे, मग कागदावर नाव काहीही असो. मी मागतो आहे तो करार वेगळा. त्यात एक वीटही रचायची मुभा नको. सभासद नसलेल्या माणसालाही ठरलेल्या वेळात ठरलेल्या दराने प्रवेश हवा आणि तो दर पालिकेनेच ठरवायला हवा. मुदत तीन-चार वर्षांची, आपोआप न वाढणारी. जागा पालिकेची, चावी मंडळाची.

असं होऊ शकतं का? मुंबईतच होतं. आझाद मैदानावर क्रिकेटच्या बावीस खेळपट्ट्या आहेत. रोलर फिरवणं, पाणी मारणं, पावसाळ्यात कव्हर घालणं हे सगळं वेगवेगळे क्लब आणि त्यांचे माळी करतात. क्लबांचे तंबू असतात, कांगा लीग या पावसाळी क्रिकेट स्पर्धेचे सामने होतात, आणि त्याच मैदानाच्या पायवाटेने लोक चर्चगेटकडून सीएसटीकडे चालत जातात. खेळपट्टी क्लबने जपली म्हणून मैदान क्लबचं झालं नाही. शिवाजी पार्कवर समर्थ व्यायाम मंदिरात पिढ्यान्‌पिढ्या मुलं-मुली मल्लखांब शिकत आली आहेत. तिथले प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. ती कामगिरी चार निवृत्त माणसांच्या गप्पांतून घडलेली नाही. पहाटे मुलांच्या आधी मैदानावर येणारी, कुणाची पोर तीन दिवस आली नाही तर घरी चौकशीला जाणारी माणसं प्रत्येक गावात आहेत. त्यांच्याबद्दलचा तो 'अड्डा' शब्द मला लागला. तो तुम्ही मागे घ्यावा, अशी माझी विनंती आहे.

आता कराचा मुद्दा. तुम्ही धरून चालला आहात की मंडळाला दिलं नाही तर पालिका चालवेल. तसं होताना दिसतं का? पुण्यात पालिकेच्या कितीतरी तरणतलावांसाठी निविदा निघते आणि तलाव ठेकेदार चालवतो. ठेकेदाराला वर्षाच्या शेवटी पैसे सुटायला हवेत, म्हणून तो जास्त फी देणाऱ्या बॅचना आधी जागा देतो आणि जीवरक्षकांच्या पगारात काटकसर करतो. मुंबई सोडून राज्यातल्या बाकीच्या महापालिकांना १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका कायदा लागू आहे. त्यातल्या कलम ७९ प्रमाणे मिळकत भाड्याने देताना मोबदला बाजारभावापेक्षा कमी धरता येत नाही. पालिकेची मालमत्ता कुणी फुकटात लाटू नये म्हणून केलेला हा नियम चांगलाच आहे. पण खो-खोच्या मंडळाने बाजारभावाचं भाडं कुठून आणायचं? मग निविदेत कोण जिंकतं, हे सांगायला नको. आज खरी निवड आहे ठेकेदार आणि मंडळ यांच्यात. ती उघडपणे व्हावी, एवढंच मला हवं आहे.

इंग्लंडमध्ये याच कारणासाठी २००३ पासून स्थानिक परिषदांना, म्हणजे तिथल्या पालिकांना, सवलत आहे. लोकांचं भलं होणार असेल तर बाजारभावापेक्षा वीस लाख पौंडांपर्यंत कमी किमतीत मालमत्ता देता येते. न्यूकॅसलच्या जेस्मंड भागातला तलाव परिषदेने १९९१ मध्ये बंद केला आणि पुढच्याच वर्षी रहिवाशांनी तो पुन्हा उघडला. लीड्समधला ब्रॅमली बाथ्स हा १९०४ सालचा तलाव. खर्च कपातीत परिषदेने त्याच्या वेळा कमी केल्या होत्या. २०१३ पासून तो स्थानिक लोकांची संस्था चालवते आणि तो पूर्वीपेक्षा जास्त तास उघडा असतो. पण दोन्हीकडे जीवरक्षक पगारी आहेत, स्वयंसेवकांच्या भरवशावर पाण्यात मुलं उतरवली जात नाहीत. याची दुसरी बाजूही आहे. परिषदांची तिजोरी आटली तेव्हा लॉन बोलिंग या खेळाची हिरवळ आणि फुटबॉलची पॅव्हेलियनं बिलांसकट क्लबांच्या गळ्यात घालण्याचे प्रकार तिथे झाले. वयस्क सभासदांनी गवत कापायचं, छपराची गळतीही त्यांनीच काढायची. कर भरणाऱ्याची खरी फसवणूक ही. म्हणून वीजबिल, पाणी, फिल्टर प्लँट, भिंती आणि छप्पर पालिकेकडेच राहिलं पाहिजे. मंडळाने वेळापत्रक, शिस्त, प्रशिक्षण आणि रोजची निगा बघावी. खर्च झटकण्यासाठी पालिका चावी देत असेल तर कुठल्याही मंडळाने ती हातात घेऊ नये.

तुम्ही न विचारलेली एक काळजी मला जास्त सतावते. मंडळ प्रामाणिक असलं तरी ते आपल्याच खेळाचं असतं. क्रिकेटवाल्यांकडे चावी गेली की लंगडी आणि कबड्डी कोपऱ्यात जातात, आणि मुलींना मिळते ती भर दुपारची उन्हाची वेळ. करारात यासाठी तास राखून ठेवायला हवेत, तेही संध्याकाळचे, आणि वेळापत्रकाचा फलक गेटवर बाहेरून वाचता येईल असा लावायला हवा. नोंदणीकृत संस्थेला धर्मादाय कार्यालयात हिशेब द्यावाच लागतो, तोच त्या फलकाशेजारी लावावा.

तुमच्या वॉर्डातलं मैदान किंवा तलाव सध्या ज्याच्याकडे आहे त्याचा करारनामा माहिती अधिकारात मागवा. हाती आला की बांधकाम, सभासदत्व आणि मुदत ही कलमं आधी बघा आणि मलाही पाठवा. त्यात तुम्ही म्हणता तसं काही निघालं, तर वॉर्ड ऑफिसात द्यायच्या हरकतीवर तुमच्या सहीखाली माझी सही असेल.