बारा सेकंदांचा हुंदका

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी आई आणि मी एक मराठी वृत्तवाहिनी पाहत होतो. पदराने तोंड झाकून रडणाऱ्या एका बाईपुढे वार्ताहराने बूम माइक धरला आणि ‘आत्ता तुम्हाला काय वाटतंय?’ असे विचारले. तिला बोलता येईना, तेव्हा कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या आणखी जवळ गेला. जेमतेम बारा सेकंदांचे ते दृश्य पुढच्या अर्ध्या तासात मी नऊ वेळा मोजले. त्यातील काही वेळा ते संथ गतीने, खाली करुण संगीत लावून दाखवले गेले. आईच्या डोळ्यांना धार लागली होती, मलाही गलबलून आले होते, आणि चहाची वेळ टळून गेली तरी आमच्यापैकी कोणीही जागचे उठले नव्हते.

आम्ही उठू नये हीच तर त्या मांडणीमागची योजना असते. बार्क ही संस्था निवडक घरांत मीटर बसवून कोणती वाहिनी किती वेळ पाहिली गेली हे मिनिटामिनिटाने मोजते. २०२० साली देशभरात अशी घरे सुमारे ४४,००० होती, आणि त्यांच्या आकड्यांवर जाहिरातींचे दर ठरतात. माहिती मिळाली की माणूस आपल्या कामाला लागतो. जीव टांगणीला लागला की मात्र तो बसून राहतो. म्हणूनच ‘थोड्याच वेळात’ म्हणून सांगितलेली बातमी तासभर येत नाही.

मुंबई दूरदर्शनच्या सातच्या बातम्यांत वृत्तनिवेदक प्रदीप भिडे दुर्घटनेची बातमी आवाज न चढवता वाचत असत, आणि तरीही ती ऐकताना घर गप्प होत असे. त्या बातम्या सरकारी होत्या, पुष्कळ गोष्टी त्यांत येतच नसत, हे मला मान्य आहे. पण रडणाऱ्या माणसाचा चेहरा प्रेक्षकाला खिळवून ठेवण्यासाठी वापरावा, असे तेव्हा कोणाच्या मनात येत नव्हते.

दुःख दाखवूच नये, असे मी म्हणत नाही. ते पाहूनच लोक मदतीला धावतात. माझी तक्रार अशी की त्या दुपारी आमच्या मनात दाटून आलेली कळकळ कुठल्याही प्रश्नापर्यंत नेली गेली नाही. इर्शाळवाडी दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत नव्हती, हे सरकारनेच सांगितले होते. वाडीपर्यंत गाडीरस्ता नसल्याने बचाव पथकांना चिखलातून डोंगर चढावा लागला. २०१४ मध्ये माळीण आणि २०२१ मध्ये तळिये गाडले गेल्यानंतरही ही यादी कोण करते, कोणत्या निकषांवर करते आणि डोंगरातील ठाकर आदिवासींच्या वाड्या पाहायला कोणी जाते का, हे विचारणारा एखादा भूवैज्ञानिक त्या अर्ध्या तासात दहा मिनिटे बोलला असता, तर आम्ही तेवढ्याच तळमळीने ऐकले असते. प्रेक्षकाला रडण्यापलीकडे काही समजत नाही, असे गृहीत धरणे मला अपमानास्पद वाटते. ज्या बाईच्या घरातली माणसे मातीखाली होती, तिच्याकडून बाईट, म्हणजे कॅमेऱ्यापुढची प्रतिक्रिया, मागणे तर निर्दयपणाचे होते.

२३ जुलै रोजी शोधकार्य थांबले, तेव्हा २७ मृतदेह सापडले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती. तोवर ती वाहिनी दुसऱ्या विषयाकडे वळली होती. गणपतीच्या सुमारास आईने मला विचारले, “त्या बाईचं पुढे काय झालं रे?” तिचे नावदेखील आम्हाला कोणी सांगितले नव्हते.