दोन फुटांवर इशारा पातळी

सांगलीच्या माणसाला पाण्याविषयी काहीही विचारा, उत्तर फुटांतच येतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांना पुराचा इशारा, ४५ ला धोका आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्या पुढं. हे आकडे इथं घरच्यांच्या वाढदिवसांपेक्षा पक्के पाठ असतात. त्यामुळं आमच्या चिमीला पोहायला घालायचं ठरलं तेव्हा आईनं आधी फी विचारली नाही, वेळ विचारली नाही. "पातळी किती?"

"लहान मुलांच्या टाकीत दोन फूट."

"दोन फुटांत पोहणं होत नाही," अण्णा पेपरमागून म्हणाले. "अंघोळ होते."

अण्णा कृष्णेत शिकलेले, माई घाटावर. पाठीवर पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा आणि काकांनी ढकलून द्यायचं, एवढाच अभ्यासक्रम. बायकोनं मात्र मोबाईलवर अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं काढून ठेवलं होतं. वर्ष उलटल्यावर पोहायला शिकवलं तर मूल बुडण्याचा धोका कमी होऊ शकतो. वर्षाच्या आतल्या बाळांना त्याचा तसा फायदा होतो याला पुरावा नाही. हे ऐकून शेजारच्या वहिनींचा चेहरा पडला. पाण्याखाली मजेत फिरणाऱ्या तान्ह्या बाळांचा व्हिडिओ बघून त्यांनी पाच महिन्यांच्या नातवाचा पोशाखसुद्धा आणला होता. पण तान्ही बाळं पाण्यात श्वास धरतात, हातपाय हलवतात, ती प्रतिक्षिप्त क्रिया. सहा महिन्यांच्या सुमारास ती ओसरायला लागते. तिला पोहणं म्हणायचं तर शिंकेला भाषण म्हणावं लागेल.

चिमी साडेतीन वर्षांची, म्हणजे कायद्यात बसत होती. तलावावर गेल्यावर कळलं, एवढ्या लहान मुलाबरोबर पालकानंही पाण्यात उतरायचं. तेही सुती बर्म्युड्यावर नाही, नायलॉनच्या पोहण्याच्या चड्डीत. बायको लगेच म्हणाली, "अहो, मी फोटो काढते की." झाला निर्णय.

आधी टोपी. आईनं सकाळीच चिमीच्या डोक्यावर खोबरेल थापलं होतं. टोपी कपाळावर ओढली की मागून सटकायची, मागं धरली की फट्‌दिशी उडून शेजारच्या पोराच्या पाठीवर. चिमीनं भोकाड पसरलेलं, एक कान आत, एक बाहेर, आणि माझ्या दोन्ही हातांना तेल. अखेर ती बसली तेव्हा चिमीच्या भुवया इतक्या वर ताणल्या गेल्या, की पुढचा तासभर पोर जगाकडं थक्क होऊन बघत होती.

पायरीवर पाय ठेवताना तिनं विचारलं, "ह्यात मगर आहे का?"

प्रश्न रास्त होता. कृष्णेत मगरी आहेत, आणि भिलवडीकडं दिसली, डिग्रजकडं दिसली, अशा बातम्या आमच्याकडं नाष्ट्याबरोबर वाचल्या जातात. पण शिकवणारे सर पडले विनोदी. "आहे की! टोपी काढणाऱ्याला धरते."

टाकीतली सगळी पोरं एका दमात काठावर. चिमी माझ्या मानेवर. मग मगर नाही हे सिद्ध करायची जबाबदारी, कुणी न नेमता, माझ्यावर आली. दोन फूट पाण्यात ऐंशी किलोच्या माणसानं बुडी मारायची म्हणजे एका वेळी एकच बाजू बुडते. डोकं घातलं की पोट वर, पोट दाबलं की पाय वर. चारही कोपरे तपासून आलो. बायकोनं फोटो काढले.

धीर द्यायला सर मुरलीकांत पेटकरांची गोष्ट सांगतात. आमच्याच जिल्ह्यातले, पेठ-इस्लामपूरचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलं, आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाईलमध्ये भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण, वेळ ३७.३३ सेकंद. तेवढ्या वेळात आमची चिमी पहिल्या पायरीवरून दुसरीकडं नुसती बघते.

एकदाची ती कमरेइतक्या पाण्यात उभी राहिली. अचानक शांत झाली, डोळे अर्धवट मिटले, चेहऱ्यावर समाधान पसरलं. मला गहिवरून आलं. सरांना नाही आलं. "अंघोळीच्या आधी शू करून आणायचं असतं," ते म्हणाले. तलावावरचा तो नाकात जाणारा वास जास्त क्लोरीनचा नसतो म्हणे; क्लोरीन घाम-लघवीशी मिसळून जे तयार होतं, त्याचा असतो. तेव्हापासून वास आला की मी पोरांच्या नव्हे, पालकांच्या चेहऱ्याकडं बघतो. आणि पाण्यात वापरायचे डायपर फक्त घनरूपाची जबाबदारी घेतात, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

दंडाला बांधायचे फुगे मी हौसेनं नेले होते. सरांनी ते खुंटीला लावले. त्यानं मूल पाण्यात उभं राहतं, पोहायचं असतं आडवं. शिवाय फुगे असले की आईबाप निर्धास्त होऊन मोबाईल काढतात. फुगे म्हणजे जीवरक्षक नव्हेत; मोठ्या माणसानं हात पोहोचेल एवढ्या अंतरावरच राहायचं.

हे घरी सांगितलं तर अण्णांनी पेपर खाली ठेवला. "मग आमचा डबा काय करत होता? पाठीवर असला की पोरगं आपोआप पालथं आडवं. आणि काका कुठं असायचा? हातभर लांब. त्याला अमेरिकेतनं पत्र आलं नव्हतं." बायको काही बोलली नाही. घरच्या वादात अण्णांच्या बाजूनं लागलेला हा दुर्मीळ निकाल.

सरांनी गृहपाठ दिला होता, तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढायचा. लहान मूल बादलीभर पाण्यातही बुडू शकतं, म्हणून बादलीवर बंदी. वाडग्यात, तेही समोर बसून. चिमीनं वाडग्यावर हात बसवला आणि मग थांबेचना. ताकात बुडबुडे, आमटीत बुडबुडे. परवा अण्णांनी चहा बशीत ओतून जरा निवायला ठेवला, तर हिनं त्यात नाकापर्यंत तोंड खुपसलं. आई ओरडली. अण्णांनी हात करून तिला थांबवलं, आणि शर्टावर उडालेला चहा पुसायच्या आधी घड्याळ बघितलं.

"दम चांगलाय पोरीचा," ते म्हणाले. "दुसरी बशी आण."