कोणाची लक्तरे, कोणाची वेस

मे २०२५ मध्ये बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना, दीपा भास्ती यांच्या इंग्रजी अनुवादासाठी, आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला तेव्हा मी ती बातमी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. ज्या लहानशा प्रकाशनसंस्थेने ते पुस्तक, म्हणजे ‘हार्ट लॅम्प’, काढले ती शेफील्डची आहे आणि मी शेफील्डमध्ये १९ वर्षे राहते आहे. त्यामुळे या आनंदात आपलाही थोडा वाटा आहे असे मला त्या सकाळी वाटत होते. नागपूरहून पहिले उत्तर आले ते नानाभाऊंचे. नानाभाऊ माझे थोरले मावसभाऊ. नागपूरच्या महाल भागात वाढले, ३० वर्षे शाळेत मराठी शिकवले, आणि आमच्या घरात पुस्तकांविषयी शेवटचा शब्द आजही त्यांचाच असतो. त्यांनी लिहिले होते, “घरची लक्तरं वेशीवर टांगली की साहेब बक्षीस देतो. ह्या बाया आपल्यासाठी नाही, तिकडच्यांसाठी लिहून राहिल्या.” त्याखाली तीन अंगठे उमटले. त्यांतला एक माझ्या भाचीचा होता, याचे मला अधिक लागले.

तेव्हापासून मी त्यांना मनातल्या मनात उत्तर देते आहे. ट्राममध्ये देते, रात्रपाळीहून परतताना देते, आणि प्रत्येक वेळी सुरुवात त्याच एका वाक्याशी येऊन थांबते: तिकडच्यांसाठी म्हणजे नेमके कोणासाठी? त्या संग्रहातल्या १२ कथा १९९० ते २०२३ या काळात कन्नडमध्ये लिहिल्या गेल्या, आणि ज्यांच्याविषयी त्या होत्या त्यांच्याच गावांत आधी वाचल्या गेल्या. लेखिका कर्नाटकातल्या हासनमध्ये वकिली करतात. बंडाया या कन्नडमधल्या विद्रोही साहित्य चळवळीत त्यांची लेखणी घडली. स्त्रियांनाही मशिदीत नमाज पढता यावा असे म्हटल्याबद्दल २००० साली त्यांच्यावर सामाजिक बहिष्कार घातला गेला. साहेबाच्या बक्षिसावर डोळा ठेवणारी बाई ते मिळण्याची वाट पाहत ३० वर्षे परगावी कोणाला ठाऊक नसलेल्या नियतकालिकांतून कथा लिहीत बसत नाही, आणि त्यापायी आपल्याच गावाचा रोषही ओढवून घेत नाही. दीपा भास्तींनी तर कन्नड, उर्दू, अरबी शब्द तिरप्या अक्षरांत छापू दिले नाहीत की खाली तळटीपा जोडल्या नाहीत. आमच्या ग्रंथालयातल्या वाचक गटातल्या बायका त्या शब्दांशी अडखळतात आणि माझ्याकडे पाहतात. इंग्रज वाचकाची इतकी कमी मनधरणी करणारे पुस्तक त्याच्यासाठी लिहिले गेले आहे, हे म्हणणे ते पुस्तक न उघडताच करता येते.

नानाभाऊंना कन्नड साहित्य परके नाही, ही यातली सर्वांत दुखरी बाजू आहे. कन्नड कादंबरीकार भैरप्पा त्यांना अर्धेअधिक पाठ आहेत. ‘वंशवृक्ष’ आणि ‘पर्व’ यांवर त्यांनी आम्हा मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत गच्चीवर तासन्‌तास सांगितले आहे, आणि माझ्या मनात कर्नाटक नावाचा जो काही प्रदेश आहे तो त्या गच्चीवरच तयार झाला. पण भैरप्पांचे कन्नड नानाभाऊंपर्यंत पोहोचले ते उमा कुलकर्णींनी वर्षानुवर्षे केलेल्या मराठी अनुवादांमुळे. मराठी वाचक भैरप्पांना आपले म्हणतो, ते एका बाईने त्यांना आपले करून दिले म्हणून. अशा अनुवादाने आलेला कन्नड लेखक घरचा ठरतो आणि तशाच अनुवादाने बाहेर गेलेली कन्नड लेखिका घर विकणारी ठरते, यातला न्याय मला अजून समजलेला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी लिहिले. बायकांच्या पुस्तकांत घर, नवरा, सासू यांपलीकडे काही नसते, असा त्याचा आशय होता. २०२२ साली हाच पुरस्कार मिळवणाऱ्या गीतांजली श्री यांच्या ‘रेत समाधि’तली ८० वर्षांची म्हातारी अंथरुणातून उठते आणि थेट सीमा ओलांडून पाकिस्तानात जाते. के. आर. मीरा यांच्या मल्याळम कादंबरीची नायिका कोलकात्यात फाशी देण्याचे काम वंशपरंपरेने स्वीकारते. आपल्या कविता महाजनांनी ‘ब्र’मध्ये ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या बायकांचा माग काढत वाचकाला खेडोपाडी फिरवले. ही यादी मी रागाने टंकली होती आणि मग पुसून टाकली, कारण ती पाठवली असती तर घराविषयी लिहिणे हे कमी दर्जाचे काम आहे हे मीही मान्य केल्यासारखे झाले असते. ज्या घरात माणूस जन्मतो, मार खातो, वाटणीवरून भावाशी बोलणे सोडतो आणि मरतो, ते घर साहित्याला लहान कसे पडेल? पुरुषाने वाड्याच्या पडझडीवर लिहिले की ते समाजाचे चित्रण होते. त्याच वाड्यातल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून बाईने तेच पाहिले की ती तिची कैफियत होते.

त्यांचा तिसरा मुद्दा मात्र मला टाळता आला नाही. “आमच्या आशाताई बगे नागपुरात बसून इतकं लिहितात, त्यांना का नाही दिलं?” हा प्रश्न खरा आहे आणि तो मीही इथे अनेकांना विचारला आहे. ‘भूमी’ला २००६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, मराठी कथेत आशाताईंचे स्थान काय आहे हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. परंतु इंग्रजीत उपलब्ध नसलेल्या पुस्तकाचा या पुरस्कारासाठी विचारच होऊ शकत नाही, आणि मराठी लेखिकांचे जे इंग्रजीत आले ते बहुतेक आत्मकथन आहे. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ आणि ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’, ही दोन्ही माया पंडितांनी इंग्रजीत नेली. मल्लिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ जेरी पिंटोंच्या अनुवादातून २०१६ साली आले, म्हणजे मूळ पुस्तकानंतर तीन दशकांनी. ही पुस्तके आली हे फार चांगले झाले. पण कथा-कादंबरी मागे राहिली, कारण तिच्यासाठी कोणी आपली पाच वर्षे दिली नाहीत, आणि अनुवादकाला आपण पाच वर्षे जगता येईल इतके कधीच देत नाही. बुकरची ५० हजार पौंडांची रक्कम लेखिका आणि अनुवादिकेत निम्मी-निम्मी वाटली जाते. आपल्याकडे अनुवादकाचे नाव मुखपृष्ठावर शोधावे लागते.

आणि घरच्या मानाविषयी बोलायचे तर १८७८ पासून २०२५ च्या दिल्लीच्या संमेलनापर्यंत ९८ मराठी साहित्य संमेलने झाली, त्यांत अध्यक्षपदी बसलेल्या स्त्रिया सहा. त्यांतल्या पहिल्या, १९६१ साली ग्वाल्हेरला, आपल्या विदर्भाच्याच कुसुमावती देशपांडे होत्या. त्या नागपुरात इंग्रजी शिकवत. साहेबाने काय दिले याचा हिशेब मागण्याआधी हा हिशेब नानाभाऊंनी एकदा फळ्यावर मांडावा, असे मला मनापासून वाटते.

इथले सगळे बरे आहे असे मला म्हणायचे नाही, जरी नागपूरला फोन करताना माझा सूर नेहमी तसा लागतो. यॉर्कशायरमधल्या हॉवर्थला ब्रॉण्टे या इंग्रज लेखिका बहिणींचे घर आहे. नागपूरहून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी तिथे नेते, आणि १८३७ साली राजकवी साउदी यांनी शार्लटला पत्र लिहून साहित्य हा स्त्रीच्या आयुष्याचा व्यवसाय होऊ शकत नाही असे बजावले होते, हे सांगते. पुढे तिघी बहिणींची पुस्तके पुरुषी वाटतील अशा टोपणनावांनी निघाली. ते सांगून झाले की मी आवर्जून पुढे सांगते की आमच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ स्वतःच्या नावाने छापली. पाहुणे कौतुकाने मान हलवतात. ताराबाईंवर इतकी टीका झाली की त्यांचे दुसरे पुस्तक आले नाही, आणि ‘तुलने’नंतर ५० वर्षांनी, १९३३ साली, ‘कळ्यांचे निःश्वास’ लिहिणाऱ्या मालतीबाई बेडेकरांना विभावरी शिरूरकर हे नाव घ्यावे लागले, हे मात्र मी त्या अंगणात सहसा सांगत नाही.

असे सोयीचे विसरणे माझ्यात आणखीही आहे. ‘आमच्या नागपूरच्या’ म्हणताना नानाभाऊंच्या तोंडी कुमुद पावडे यांचे नाव कधी आले नाही, हे मला हल्ली खटकते. दलित घरातून येऊन संस्कृतच्या प्राध्यापक झालेल्या या बाईंचे ‘अंतःस्फोट’ १९८१ साली आले, तेव्हा मी त्याच शहरात शाळेत जात होते. पण मी तरी त्यांना कुठे वाचले? मी त्यांना वाचले ते शेफील्डला आल्यावर, दलित साहित्याच्या एका इंग्रजी संग्रहातून, चॅरिटी शॉपमध्ये दोन पौंडांना मिळालेल्या प्रतीत. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात आणि माणसे पोटाला चिमटा घेऊन पुस्तकांचे गठ्ठे घरी नेतात. आमच्या घरापासून ते चालत जाण्याच्या अंतरावर होते. नागपुरात काढलेल्या ३२ वर्षांत मी तिथे एकदाही गेले नाही. नानाभाऊ ज्यांना ‘तिकडचे’ म्हणतात, आपल्या गावच्या बाईला इंग्रजीतून ओळखणारे, त्यांतली एक मीच आहे.

घरी पुस्तके येत नव्हती असे नाही. वाचनालयाचे कार्ड बाबांच्या नावावर होते आणि पुस्तक बदलायला मला पाठवले जाई. ग्रंथपाल रजिस्टरात बाबांचे नाव लिहीत, त्यापुढे गौरी देशपांडे किंवा सानिया यांचे पुस्तक, आणि बाबांच्या वतीने मी सही करी. आई, मावशी आणि माहेरी आलेली असली तर नानाभाऊंची बहीण, म्हणजे आमची ताई, अशा तिघी ते आठवड्याच्या आत संपवत. बाबांनी त्यांतले एकही उघडले नव्हते. ते रजिस्टर आज कोणी तपासले तर महालातला एक पोस्टमास्तर या लेखिकांचा मोठा चाहता होता असाच निष्कर्ष निघेल. ही पुस्तके कोणासाठी लिहिली गेली हे विचारणाऱ्यांनी अशी रजिस्टरे आठवावीत.

आता जे लिहायचे आहे ते मी वर्षभर लांबवले. पुरस्कारानंतर आमच्या वाचक गटाने ‘हार्ट लॅम्प’ घेतले. ते ग्रंथालय काउन्सिलने हात आखडता घेतल्यापासून स्वयंसेवकच चालवतात. हीटिंग अर्धाच तास असते, त्यामुळे आम्ही कोट घालूनच बसतो. शीर्षककथेतली मेहरून नवऱ्याला सोडून, कडेवर तान्हे मूल घेऊन माहेरी येते आणि तिचे भाऊ तिला परत नवऱ्याच्या दारात नेऊन सोडतात. त्यावर एकीने मला अगदी आस्थेने विचारले, “तुमच्याकडे असं होतं का?” मी म्हणाले, “आमच्याकडे नाही. आमचं घर शिकलेलं होतं.”

१९८५ सालच्या ज्येष्ठात, दुपारी दोनच्या उन्हात, ताई वर्ध्याहून एकटीच मावशीकडे आली होती. तिच्या रेक्झिनच्या बॅगेची चेन तुटलेली होती आणि ती परकराच्या नाडीने बांधलेली होती. मावशीने तिला पन्हे दिले, आतल्या खोलीत दोघी बराच वेळ बसल्या, कूलरच्या आवाजात बाहेर काही ऐकू आले नाही. संध्याकाळी नानाभाऊंनी सदरा बदलला आणि म्हणाले, “चल, साडेसहाची गाडी सापडते.” मावशीने तिची ओटी भरली. रिक्षापर्यंत बॅग मी नेली. ११ वर्षांच्या मुलीला सहज उचलता येईल इतकी ती हलकी होती. घर शिकलेले होते हे मी खोटे सांगितले नाही. नानाभाऊंचे बी.एड. त्याच वर्षी पूर्ण झाले होते.

त्या ग्रंथालयात मी नानाभाऊंच्याच बाजूने बोलले. लक्तरे झाकली, वेस राखली, आणि परत येताना ट्राममध्ये मला आपण आपल्या माणसांची बाजू घेतली असे समाधानही वाटले. बानू मुश्ताक यांनी हासनमध्ये राहून, ज्या माणसांना रोज तोंड द्यायचे त्यांच्यात बसून जे लिहिले, ते मला हजारो मैलांवरून परक्या बायकांसमोर नुसते ‘हो’ म्हणूनही मान्य करता आले नाही.

मी ताईला फोन करून हे सगळे सांगितले आणि लिहू का असे विचारले. ती ६४ वर्षांची आहे, वर्ध्यातच असते. “लिही,” ती म्हणाली, “नाना वाचेल. वाचू दे.” मग तिने ती गोष्ट ऐकायला मागितली. तिला इंग्रजी वाचता येत नाही, आणि पुस्तक मराठीत मिळेल का याची चौकशी करण्याइतका धीर तिच्यापाशी नव्हता. म्हणून रविवारी, तिच्याकडे दुपार असताना, मी समोर इंग्रजी पान ठेवून मराठीत सांगत गेले, अडखळत, एकेक वाक्य दोनदा जुळवत. भाऊ मेहरूनला परत घेऊन निघतात तिथे तिने मला थांबवले.

“त्या भावांची नावं दिली आहेत का बाईनं?”

“दिली आहेत.”

“बरं केलं. आता पुढं वाच.”